मानाचं डोकं

उपदेश संपला आणि नारिन शहरातल्या एका घरात तिलेकची वाहवा सुरू झाली. आपली दारू कशी सुटली ते सांगून त्याने निम्म्या बायकांना रडवलं होतं. यजमानाने मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात तसं मेंढ्याचं उकडलेलं डोकं त्याच्यापुढे ठेवलं. स्वारी फुशारून सुरी उचलणार, तोच दाराशी बसलेली बुरूल आजी म्हणाली, "बाळा, बोललास झकास. पण शेजारीण म्हणाली होती, इथे येशूबद्दल सांगतात. ते कधी सांगणार?"

सगळे हसले. तिलेकही हसायला गेला, पण जमेना. तासभराच्या बोलण्यात ते नाव एकदा तरी आलं होतं का, हे त्याला काही केल्या आठवेना.

त्याने मान वर केली, तेव्हा आजी बूट चढवून निघाली होती.