डावीकडचा समुद्र

लोइदेनं कॉफीचा कप पुढे केला, पण एफ्राइमनं तो घेतला नाही.

तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसून टायरमधली हवा कमी करत होता. मऊ वाळूत शिरण्याआधी सगळेच चालक करतात. थर्मासमधली कॉफी सगळ्यांना झाली होती, उरलेला हा शेवटचा कप त्याचा. ती त्याच्या डाव्या खांद्याशी उभी होती. कप त्याच्या कानापासून हातभरसुद्धा लांब नव्हता, त्यातून वाफा निघत होत्या. तो आपला शांतपणे हवेच्या काट्याकडे बघत राहिला.

"कॉफी घे," ती म्हणाली, तेव्हा नुसती मान न वळवता तो कमरेपासून अख्खा वळला आणि दचकला.

"माफ करा, मेमे. दिसलाच नाहीत तुम्ही." वडीलधाऱ्या बाईला इकडे मेमे म्हणतात.

"मी काय दिसण्याजोगी नाही की काय?" लोइदे हसून म्हणाली. मागून तिची धाकटी बहीण हिलेनी ओरडली, "ताई, तू नाही दिसलीस म्हणजे पोराला चष्माच लावायला हवा!"

सगळे हसले. एफ्राइमही हसला. पण हसताना त्यानं एकदा डावीकडे मान फिरवून घेतली, आणखी कोण कोण उभं आहे ते बघायला. लोइदेचं हसू तिथेच थांबलं.

ही सहल हिलेनीच्या नवऱ्यानं ठरवली होती. मातेउस रेल्वेतून नुकताच निवृत्त झाला होता आणि इतकी वर्षं याच देशात राहून वाळवंट थेट समुद्रात उतरतं ते सँडविच हार्बर पाहिलं नाही, याची त्याला आता एकाएकी लाज वाटायला लागली होती. विंडहुकहून तिघं आदल्या दिवशी वॉल्व्हिस बेला येऊन उतरली होती. चालकाशेजारची डावीकडची सीट लोइदेला मिळाली, ती वयानं मोठी म्हणून, आणि मागे बसलं की तिला मळमळतं म्हणून. एफ्राइम गोआगोसेब हा इथला सगळ्यात जुना वाटाड्या, असं लॉजवरच्या बाईनं सांगितलं होतं. त्याची आजी याच वाळूत नारा फळं वेचायची म्हणे. डोळे बांधले तरी तो गाडी नेईल आणि आणेल, असंही ती बाई म्हणाली होती.

मिठागरं मागे पडली, फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा मागे पडला. गाडी किनाऱ्यानं दक्षिणेला निघाली. उजवीकडे समुद्र, डावीकडे वाळूच्या टेकड्या, मध्ये ओल्या वाळूची चिंचोळी वाट. ओहोटी होती. मातेउस मोबाइल खिडकीबाहेर काढून दिसेल त्याचा व्हिडिओ घेत होता.

"कोल्हा! तो बघा कोल्हा!" डावीकडे बोट दाखवत तो ओरडला.

"कुठाय?" एफ्राइमनं विचारलं.

"अरे, हा काय, गाडीच्या अंगावर येतोय!"

एफ्राइमनं मान वळवली, आणखी वळवली, पार खांद्याच्या मागे जाईपर्यंत. मग म्हणाला, "हां, हा आमचा रोजचाच."

लोइदेनं तीस वर्षं सरकारी इस्पितळात काढली होती, त्यातली निम्मी डोळ्यांच्या वॉर्डात. तिथे अशी माणसं येत. मेंदूचा झटका येऊन गेलेली. हातपाय धड, बोलणं धड, पण जगाची एक बाजू पुसली गेलेली. ती दाराच्या चौकटीला आपटत, ताटातली एका बाजूची भाजी तशीच ठेवत, आणि वर म्हणत, मला सगळं दिसतंय, सिस्टर.

डोक्याचा रुमाल सारखा केल्यासारखं करून तिनं उजवा हात वर उचलला. एफ्राइमच्या गालाशेजारी बोट नेलं आणि हलवलं. कुणालाही राग यावा इतक्या जवळून. तो समोर बघत गाडी चालवत राहिला.

तिनं हात खाली घेतला.

आता बोलावं का? बोलावं तर काय? मातेउस आकाशपाताळ एक करील. आणि करून उपयोग काय? या वाळूत गाडी चालवणारा चौघांत एकटा हाच. लोइदेला डांबरी रस्त्यावरही चालवता येत नव्हती.

तेवढ्यात गाडी वळली आणि टेकडी चढू लागली. इंजिन किंचाळलं. खिडकीत नुसतं आभाळ दिसू लागलं. हिलेनी मोठ्यानं देवाचं नाव घ्यायला लागली आणि मातेउस तिच्याकडे बघून हसायला लागला. वर धार होती, सुरीच्या पात्यासारखी. पलीकडे काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. धारेवर गाडी क्षणभर आडवी झाली, आणि डावीकडच्या उतारावरून दुसरी एक गाडी, छतावर लाल झेंडी लावलेली, सरळ त्यांच्या अंगावर चढत येताना लोइदेला दिसली.

"डावीकडे!" ती किंचाळली. "डावीकडे गाडी!"

एफ्राइमनं कुठेही न बघता स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवलं. गाडीचं नाक खाली गेलं आणि सगळी टेकडीच त्यांच्याखाली घसरू लागली. वाळूतून खोल घुमणारा आवाज उठला, हाडात शिरणारा. हिलेनीनं मागून लोइदेचे खांदे धरले, नखं रुतली. तळाशी गाडी आपोआप थांबली.

"वा!" मातेउस म्हणाला. "याला म्हणतात चालवणं!"

एफ्राइमनं मान पार डाव्या खांद्यामागे वळवली आणि ती दुसरी गाडी शोधली. ते लोइदेनं पाहिलं. लोइदेनं ते पाहिलं, हे त्यानंही पाहिलं.

जेवणाचं टेबल त्यानं खाडीच्या वरच्या उंचवट्यावर लावलं. थंडगार कालवं, लिंबू, फेसाळती वाइन, सुकं मटण. मातेउस आणि हिलेनी फोटो काढायला पुढे गेली. लोइदे गाडीच्या मागच्या दाराशी आली, आणि या वेळी मुद्दाम त्याच्या उजवीकडे उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून, मेमे?"

"मी डोळ्यांच्या वॉर्डात नर्स होते."

तो लिंबू कापत राहिला. सगळं कापून झालं, तरी सुरी हातातच होती.

"ईस्टरनंतर," तो शेवटी म्हणाला. "सकाळी उठलो आणि बायको अर्धीच दिसली. म्हटलं झोप पुरी झाली नसेल. होईल बरं."

"झालं नाही."

"थोडं झालंय."

"एफ्राइम, मी तुझ्या गालापाशी बोट हलवलं. माशी बसावी इतक्या जवळ."

त्यानं सुरी खाली ठेवली. "मला ही वाट पाठ आहे, मेमे. प्रत्येक टेकडी."

"टेकड्या रोज हलतात. आणि ती गाडी? ती पाठ होती?"

त्यानं कापलेल्या फोडी कालवांशेजारी मांडल्या. मग हळूच म्हणाला, "घरी बसून मी काय करू? आमच्याकडे माणसं वाळूत जन्मतात आणि वाळूतच जातात. मला दुसरं काय येतं?"

ती उत्तर देणार होती. पण वारा एकदम थंड झाला म्हणून दोघांनीही वर पाहिलं. समुद्रावरून धुकं येत होतं. येत होतं म्हणणंसुद्धा कमीच, कुणी चादर ओढावी तसं ते किनारा ओढून घेत होतं. खाली खाडीतले पाणकावळे बघता बघता दिसेनासे झाले.

एफ्राइमनं टेबल घडी करायला घेतलं. "तात, या! निघायचं!" त्यानं मातेउसला हाक मारली.

"टेकड्यांवरून ने," लोइदे खालच्या आवाजात म्हणाली.

"धुक्यात धार दिसत नाही. डोळस माणूससुद्धा जात नाही. किनाऱ्यानंच जायला हवं, आणि आत्ता. भरती लागलीय."

"नाहीतर इथेच थांबू. रेडिओवर कुणाला तरी बोलाव."

"धुकं विरेपर्यंत इकडे कुणी येणार नाही. कदाचित सकाळी विरेल. तुमच्या बहिणीच्या अंगात तो पातळ झगा आहे. पण तुम्ही म्हणाल तसं, मेमे. तुम्ही म्हणालात थांब, तर मी थांबतो. मग त्यांना कारण सांगावं लागेल."

हिलेनी धापा टाकत वर आली, काकडलेली, ओठ निळसर. "ताई, चल ना गं, गोठले मी!"

लोइदेनं एफ्राइमकडे पाहिलं. तो वाट बघत होता. तिनं तोंड उघडलं आणि तिच्याच कानांना ऐकू आलं, "चला."

किनाऱ्यावर उतरल्यावर तिला कळलं, आपण काय केलंय. येताना समुद्र उजवीकडे होता. आता तो डावीकडे होता.

वाटेची रुंदी निम्मीच उरली होती. उजवीकडे टेकडी भिंतीसारखी उभी, तिच्या पायथ्याशी पाण्याची जीभ येऊन लागत होती आणि मागे जात होती. धुक्यात पाच-सहा गाड्यांच्या अंतरापलीकडे काही नव्हतं. मातेउसनंसुद्धा मोबाइल खिशात ठेवला होता.

"लाट येतेय," लोइदे म्हणाली. आवाज साधा ठेवायचा तिनं प्रयत्न केला, समुद्र बघायला आलेल्या बाईचा असावा तसा. "मोठी आहे. आली. आता परत चाललीय."

एफ्राइमनं तेवढ्यात गाडी खाली घेतली, कडक ओल्या वाळूवर, आणि वेग वाढवला.

"पुढे सील लोळतोय आडवा. डावीकडे. आणखी थोडी उजवीकडे घे."

"ताईला काय झालंय?" हिलेनीनं नवऱ्याला विचारलं. "सारखी काय बडबडतेय?"

"घाबरलीय ती. बोलू दे."

ती खरंच घाबरली होती. इतकी की जीभ टाळूला चिकटत होती. शब्द एकेक करून सोडवून बाहेर काढावा लागत होता. लाट. दगड. लाट. लाकडाचा ओंडका. वॉर्डातल्या बायांना ती हात धरून चालवायची, दार आलं, पायरी आली. तेव्हा चूक झाली तर गुडघा फुटायचा.

मग एक लाट परत गेलीच नाही. म्हणजे गेली, पण तिच्या मागून दुसरी तिच्यावरच चढून आली. पाणी बॉनेटवर उडालं, काच पांढरी झाली. गाडी कुणीतरी उचलून ठेवल्यासारखी डाव्या अंगाला कलली. डावं पुढचं चाक खचू लागलं. हिलेनी रडायला लागली.

"मेमे," एफ्राइम म्हणाला. इतक्या हळू की मागच्यांना ऐकू गेलं नसणार. "पाणी कुठाय?"

तो सरळ समोर बघत होता. चाळीस वर्षं हा समुद्र शेजारी ठेवून जगलेला माणूस.

"माझ्या दाराला लागलंय," ती म्हणाली. "आत येतंय. पायापाशी."

"ओढून नेतंय का ढकलतंय?"

तिनं खाली पाहिलं. फेसाची रेघ कुठल्या बाजूला सरकते ते बघायला तिला डोळे उघडे ठेवावे लागले, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

"ओढतंय. ओढतंय अजून. थांबलं. आता... आता ढकलतंय! आता!"

त्यानं चाक उजवीकडे पूर्ण फिरवलं आणि पाय दाबला. गाडी गुरगुरली, जागेवरच थरथरली, आणि येणाऱ्या लाटेनंच मागून रेटा दिल्यासारखी टेकडीच्या उतारावर चढली. वाळू वरून धबाधबा काचेवर कोसळत होती. तिरपी, पडतेय की काय असं वाटायला लावणारी, तशीच ती पुढे जात राहिली. लोइदे बोलत राहिली. काय बोलत होती ते तिला नंतर आठवलं नाही. किनारा रुंद झाला, उजवीकडची भिंत मागे हटली, आणि धुक्यातून मिठागराचा पांढरा ढीग दिसला, तेव्हा हिलेनी म्हणाली, "ताई, बास गं आता. पोचलो."

वॉल्व्हिस बेच्या धक्क्यावर मातेउसनं एफ्राइमचा हात दोन्ही हातांत धरला. "असा माणूस पाहिला नाही मी," तो म्हणाला. "मी सगळ्यांना तुझं नाव सांगणार." मग भिजलेले बूट हातात घेऊन, हिलेनीला सावरत, तो लॉजच्या दिशेनं निघाला. एव्हाना तो तिला हीच गोष्ट हसत हसत सांगू लागला होता.

लोइदे गाडीपाशीच थांबली.

"उद्या कोण आहे?" तिनं विचारलं.

"एक कुटुंब. स्वाकोपमुंडचं." तो थोडा थांबला. "दोन मुलं आहेत. लहान."

मग एफ्राइमनं हातातली चावी उगाचच उलटीसुलटी केली.

"मेमे, तुम्ही उद्या मोकळ्या आहात का?"

तो थट्टा करत नव्हता. आणि लोइदेनं लगेच 'नाही' म्हटलं नाही. उद्या ओहोटी कधी लागेल, धुकं किती वाजता विरेल, कुठली सीट घ्यावी, हे क्षणभर तिच्या मनात येऊनसुद्धा गेलं. ते लक्षात आलं तशी तिच्या अंगावर सरसरून काटा आला. लाट आली तेव्हासुद्धा असा आला नव्हता.

"ताई!" लांबून हिलेनीची हाक आली. "येतेस ना?"

"तुम्ही व्हा पुढे," तिनं ओरडून सांगितलं.

मग ती चालकाच्या बाजूला गेली, दार उघडलं आणि आत चढून बसली. सीट तिला फार मागे होती, पाय पोचत नव्हते. दोन्ही हात तिनं चाकावर ठेवले. कुठे काय दाबायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. ती नुसती बसून राहिली.

एफ्राइम उघड्या दाराशी उभा होता.

"उतरा, मेमे," तो म्हणाला. "गाडी धुवायचीय मला."

ती उतरली नाही.

खाडीवरून फ्लेमिंगोंचा कलकलाट येत होता. एक मच्छीमार सायकलवरून गेला, एफ्राइमला हात करून. एफ्राइमनं उलट हात केला नाही. सायकल डावीकडून गेली होती.

बराच वेळ गेला. मग त्यानं तिच्या बाजूचं दार लोटलं. बॉनेटवर तळवा टेकवून, पत्रा चाचपत चाचपत तो गाडीच्या पुढून वळसा घालून आला आणि तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. ती सीट अजून ओली होती.

"कंपनीचं ऑफिस मागच्याच गल्लीत आहे. चावी परत करून टाकतो," तो समोर बघत म्हणाला. "चालत जाऊ."