म्यानावरचा काळिमा

आश्विनाचं ऊन. धारदार, निर्दय, पिवळंजर्द ऊन. पावसाने हिरव्या केलेल्या माळाला ते सकाळपासूनच सोलत होतं. शिवारात बाजरीची कणसं छाटली जात होती, परसात झेंडूची मुंडकी खुडली जात होती, आणि हैबतरावांच्या अंगणात बांधलेला बोकड गळ्यातल्या माळेसकट शेवटचा पाला खात होता. खंडेनवमी होती. शस्त्रांचा सण, रक्ताचा सण.

त्या दिवशी घरातलं सारं लोखंड उजळायचं. कुऱ्हाडी चिंचेने घासायच्या, भाले राखेने चोळायचे, तलवारीला तेल पाजायचं. पाणी वर्ज्य होतं ते फक्त तलवारीच्या म्यानाला. लाकडाचा आधार नसलेलं, निव्वळ जाड कातड्याचं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी मऊ झालेलं ते म्यान. काळंभोर, स्निग्ध, रक्तलांच्छित. त्याच्या पोटावर तळहाताएवढा डाग होता. ओढ्यापलीकडच्या घराण्यातल्या एका माणसाचं ते रक्त, असं सांगत. दर नवमीला त्या डागावर बोकडाच्या रक्ताचं बोट, वर कुंकू, वर तेल. माणसं म्हातारी होतात, वैर होत नाही. त्याला खाऊपिऊ घालणारं कुणी ना कुणी भेटतंच.

ज्याचं रक्त त्या डागात, तो माणूस म्हणजे येसूचा आजा. वैर मिटावं म्हणून ओढ्यापलीकडून येसूला या घरात सून म्हणून दिली. वैर मिटलं नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्याच चुलतभावांनी तिच्या नवऱ्याला, रायाजीला, बांधावर कुऱ्हाडीने तोडलं. कपाळाचं कुंकू गेलं, पोटात लेकरू राहिलं. आता ते लेकरू रांगत होतं, आणि आज त्याचा इवलासा तळवा त्या डागावर टेकवून त्याच्या कानात सुडाची शपथ सांगायची होती. घराची रीतच तशी होती. पोरं जन्माला यायची आणि नवमीला त्यांची हत्यारं व्हायची.

येसूने रिठे उकळले. पाटावरचं म्यान उचललं, अंगणाच्या कडेला बसली, आणि काथ्याच्या बोळ्याने ते घासू लागली. घासलं, रगडलं, ओरबाडलं. फेस आला, आधी काळा, मग तपकिरी, मग लालभडक. तो लाल ओघळ फरशीवरून वाहत बोकडापर्यंत गेला. बोकडाने तो हुंगला आणि मागे सरला.

हैबतराव बाहेर आले. हातात तेल प्यालेली, नागवी तलवार.

"सूनबाई! हात काढ त्यावरनं! घराण्याची आण पाण्यात घातलीस, अवदसे!"

तलवार वर गेली. पात्यावर सूर्य फुटला. ओसरीवर बाळाने टाहो फोडला. येसू जागची हलली नाही.

"मारा, मामंजी. पर आधी येवढं सांगा, ह्यात माझ्या आज्याचं रगात किती नि बोकडांचं किती? सांगा, मग मीच ल्येकराचा हात ठिवते."

म्हाताऱ्याची नजर म्यानावर गेली. फेसाखालून कातडं वर येत होतं, नव्या गुळासारखं तांबूस, निष्कलंक, निरपराध. ज्या रक्तासाठी पोटचा पोर झुंजायला धाडला, ते रक्त बोकडांनी केव्हाच झाकून, पुसून टाकलं होतं. त्यांना आपल्या हयातीची लाज वाटली.

येसूचा हात सरकत सरकत म्यानाच्या तोंडाशी आला, आणि थबकला. इथे रायाजीची पकड असायची. तिथलं कातडं त्याच्या घामाने काळं पडलं होतं, त्याच्या अंगठ्याने झिजून तुकतुकीत झालं होतं. त्याचा देह जळला, सदरा जळला. उरला होता तो हा अंगठ्याएवढा काळिमा. वैर धुवायचं तर तोही धुवायला हवा. तिने बोळा टेकवला. तिला ते जमेना. इतका वेळ पाषाणासारखी बसलेली ती बाई ढसाढसा रडली.

"तेवढं ऱ्हाऊ दे, पोरी," हैबतराव म्हणाले. या घरात तिला पोरी असं कुणी आजवर म्हटलं नव्हतं. उगारलेल्या तलवारीचं काय करावं हे न कळून त्यांनी ती ओल्या म्यानात खुपसली आणि ओसरीवर जाऊन बाळाला उचललं.

बोकड वाचला. म्यान अंगणातच राहिलं. दिवसभर ऊन त्यावर तुटून पडलं. ओलं कातडं तापलं, आकसलं, पात्याला आवळत गेलं.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सारी भावकी ओढ्याकाठी जमली. रिवाजाप्रमाणे हैबतरावांनी तलवारीला हात घातला. ओढली. पुन्हा ओढली. दंडाच्या शिरा तटतटल्या, कपाळावर घाम फुटला. तलवार निघेना.

"चिरा ते कातडं!" भावकी गरजली. कुणीतरी कोयता पुढे केला.

हैबतरावांचा अंगठा म्यानाच्या तोंडाशी त्या काळ्या खळग्यात बरोबर बसला होता.

"कोयता मागं घे," ते म्हणाले. "माझ्या रायाचा हात हाय तिथं."

ओढ्यापलीकडे सोनं लुटलं जात होतं. ओढ्याअलीकडे म्यान पोटाशी धरून म्हातारा उभा होता. आत पातं, पात्यावर कातडं, कातड्यावर मेलेल्याचा अंगठा, आणि त्यावर जित्याचा.