फुलदाणीतलं पाणी

तिनं फुलदाणीत ड्रॉपर बुडवला आणि पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर सोडला. वर्गात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. पहिल्या वर्षापासून तिनं शिक्षकांना इतके प्रश्न विचारून भंडावलं होतं, की हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

"अगं ए, काय चाललंय तुझं?" मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या. "समिती जिन्यात पोचलीय. स्लाइड लावून दिलीय ना? तीच बघ."

"तिचा रंग कधीच उडालाय, मॅडम. काही दिसत नाही."

"दिसायला कशाला हवंय? बघत असल्यासारखं बसायचंय फक्त."

बोलून गेल्यावर मॅडमनी जीभ चावली. पण खोटं काय होतं त्यात? विद्यापीठाची तपासणी समिती यायची म्हणूनच मायक्रोस्कोप आज लोखंडी कपाटातून बाहेर आले होते. वापरलं की बिघडतं, हे विभागप्रमुखांचं लाडकं तत्त्वज्ञान. त्यामुळे यंत्रं नव्यासारखी राहिली आणि मुलं कोरडी. पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं तरी एकानंही भिंगाला डोळा लावला नव्हता. मॅडम फळ्यावर आकृती काढत, मुलं ती उतरवून घेत, आणि त्यालाच प्रॅक्टिकल म्हणायची रीत होती. मॅडमचा हात मात्र सुरेख. साचल्या पाण्यातलं एकपेशीय पॅरामेशियम तर त्या डोळे मिटून काढत, चपलेच्या तळव्यासारखं, कडेला बारीक केसांची झालर.

फुलदाणीही समितीसाठीच ऑफिसातून आणलेली. शिपायानं फुलं ताजी आणून खोचली होती, पाणी बदलायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ते जुनं, गढूळ आणि वास मारणारं होतं. हिला नेमकं तेच हवं होतं.

विभागप्रमुखांसोबत समिती आली. अध्यक्षांनी पहिल्याच मुलाला विचारलं, "काय दिसतंय?" त्यानं पुस्तकातली व्याख्या स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. अध्यक्ष खूश झाले. प्रश्नपत्रिकेनं तर मानही वर केली नाही.

"किती तल्लीन आहेत मुलं!" अध्यक्ष म्हणाले, आणि समिती चहाकडे वळली.

थोड्याच वेळात विभागप्रमुख हात चोळत परत आले. स्वारी भलतीच खुशीत होती.

"शाब्बास! जिंकलो आपण. चला, आवरा. यंत्रं आत, मुलं बाहेर."

खुर्च्या सरकल्या. ती जागची हलली नाही. एक डोळा भिंगावर, हात स्क्रूवर.

"ए मुली, नाटक संपलं. ऊठ."

"थोडं थांबा ना, सर. आत्ता कुठे दिसायला लागलंय."

"स्क्रूला हात कोणाला विचारून लावलास? मोडला तर तुझे वडील भरून देणार आहेत?"

"मोडला तर मोडला, सर. कपाटात ठेवून तरी काय लोणचं घालायचंय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. विभागप्रमुखांचा चेहरा लाल झाला.

"प्रॅक्टिकलचे मार्क कोणाच्या हातात आहेत, विसरलीस वाटतं. नापास करीन. वर्ष जाईल."

आता तिनं मान वर केली. घाबरली होतीच ती. पण आवाज फुटला तो स्वच्छ.

"तीन वर्षं गेलीच आहेत, सर. अजून एक घ्या. पण आज मी हे बघून मगच उठणार."

मग खिडकीजवळचा मुलगा, तोच व्याख्यावाला, निघता निघता वळला आणि तिच्यामागे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एक. बघता बघता रांग झाली.

विभागप्रमुखांनी मुलांचा नाद सोडला. ते मॅडमकडे वळले.

"मी समितीला गाडीपर्यंत सोडून येतो. तोवर ही खोली रिकामी पाहिजे. तुमचं पुढच्या सत्राचं अजून ठरायचंय, मॅडम. तासावर काम करणाऱ्यांनी जपून राहावं, एवढंच सांगतो."

ते गेले. मॅडम तरातरा तिच्या टेबलाशी गेल्या.

"ऊठ बाई, हात जोडते. तुझं वर्ष जाईल आणि माझी भाकरी. कोणाला दाखवतेस हा हट्ट?"

"मॅडम, ते थांबतच नाहीये."

"काय?"

"पॅरामेशियम. फळ्यावर गप्प पडलेलं असतं ना? हे गिरक्या घेतंय. धडकलं की मागे सरतंय, पुन्हा दुसरीकडून घुसतंय. आणि आपण तीन वर्षं चपलेचा तळवा काढतोय!"

मॅडमना संताप आला. हिचा, त्या माणसाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. सत्र संपलं की त्याच्या दाराशी जाऊन उभं राहायचं, 'सर, माझं बघा' म्हणायचं. किती वर्षं चाललं होतं हे! जळो ती लाचारी.

त्या दाराकडे गेल्या. मुलांना वाटलं, झालं, आता बाहेर काढणार. दोघेतिघे दप्तर उचलायलाही लागले. मॅडमनी दार लोटलं, आतून कडी घातली, आणि परत येऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

पुढचा मुलगा गडबडून बाजूला झाला.

"मॅडम, तुम्ही पुढे व्हा ना. म्हणजे... तुम्ही तर कितीदा बघितलं असेल."

"नाही रे," मॅडम म्हणाल्या. "आम्हालाही फळ्यावरच शिकवलं."

मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला. मग पुन्हा आपल्या जागी उभा राहिला. रांग सावकाश पुढे सरकली. कोणी 'आयला!' म्हणत होतं, कोणी दुसऱ्यांदा बघायला मागत होतं, आणि प्रश्नपत्रिका प्रत्येकाला स्क्रू कसा फिरवायचा ते दाखवत होती.

दारावर थाप पडली. मग दुसरी, जोरात.

"मॅडम! दार उघडा!"

पुढच्या मुलानं नुकताच भिंगाला डोळा लावला होता. तो दचकून उठायला लागला. मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस. नीट बघून घे," त्या म्हणाल्या. "तुझं झालं की माझा नंबर आहे."