सुनेच्या पाठीमागची भिंत

टेलरमास्तरांच्या डोक्यात एकदा संशयाचा किडा शिरला की देवालाही तो काढता येत नसे. यावेळी तो दुकानाच्या भिंतीतून शिरला. पलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. मास्तरांच्या दुकानाचे मालकही तेच. हल्ली त्यांनी छातीच्या एक्स-रेचा स्टँड या भिंतीकडे वळवला होता. पलीकडून "श्वास धरा" ऐकू आलं की इकडे मास्तरांचाच श्वास अडकायचा. कारण त्याच भिंतीला पाठ लावून सून शिलाई मशीनवर बसे, आणि सुनेला दिवस गेले होते.

"सूनबाई, मशीन दाराशी घेऊ."

"बाबा, दारात धूळ किती! डॉक्टर म्हणाले ना, भिंत जाड आहे, किरणं अडतात."

"सुई टोचतानाही दुखणार नाहीच म्हणतात ते."

शेवटी मास्तरांनी तक्रार ठोकली आणि किरणं मोजणारा तपासनीस आला. डॉक्टरही येऊन उभे राहिले. पलीकडे पेशंटच्या जागी पाण्याचा कॅन ठेवला. कंपाउंडर बटण दाबी, तपासनीस भिंतीला यंत्र लावी. यंत्र गप्प. पुढे सरकला, तरी गप्प.

"चालू आहे ना ते? की आधीच ठरलंय तुमचं?"

"मास्तर, निदान मापाच्या टेपवर तरी विश्वास आहे ना तुमचा?" तपासनीसानं विचारलं.

"माझ्या टेपवर."

सून तोंडाला पदर लावून हसली. तपासनीसानं भिंतीवर टांगलेल्या कोटांकडे बोट केलं. "यांच्यामागं?"

"भिंतच की," मास्तर बोलून गेले.

"मग झालं. निर्धास्त बसा, ताई." तो यंत्र पेटीत ठेवू लागला.

आता माणसाचं मन बघा कसं असतं! कोटांमागं कोनाडा होता. दवाखाना बंद असताना मास्तरांनी स्वतः छिन्नी चालवून, निम्म्या जाडीपर्यंत विटा काढून, रिळांसाठी तो कोरला होता. भिंतीला हात लावलात तर दुकान खाली करायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. साऱ्या जगावर संशय घेतला, पण आपल्याच छिन्नीचा विचार मास्तरांच्या मनाला शिवला नव्हता.

सून पुन्हा जागेवर बसली. पाठ नेमकी कोटांना.

"ऊठ!" मास्तर ओरडले आणि त्यांनी कोट ओढून काढले. "साहेब, इथं लावा."

पलीकडे बटण दाबलं गेलं. यंत्र कडकड वाजलं.

डॉक्टर कोनाड्याकडे पाहत राहिले. मास्तर दुकानाच्या किल्ल्या काढून त्यांच्यापुढे धरणार, तेवढ्यात ते म्हणाले, "ठेवा खिशात. स्टँड वळवला तेव्हाच मी मोजून घ्यायला हवं होतं. आता हे नीट होईपर्यंत तिकडे एकही एक्स-रे निघणार नाही."

"पोरीला किती किरणं लागली असतील, साहेब?" मास्तरांनी तपासनीसाला विचारलं.

"फार नसावीत. पण अंदाजानं नाही सांगणार. हिशेब करून उद्या कळवतो."

मास्तरांनी मशीन उचललं आणि थेट दाराशी नेऊन ठेवलं. सून धूळ झटकून तिथंच बसली.

"कोनाडा मी बुजवतो," मास्तर तपासनीसाला म्हणाले. "पण नंतर पुन्हा मोजायला या हं. काम माझ्या हातचं आहे, काही भरवसा नाही."