चराचे तोंड

ते साल एकोणीसशे शेहेचाळीस. लढाई संपली होती, पण टंचाई संपली नव्हती. देवळाली प्रवऱ्यात आमच्या दारापर्यंत ऊस उभा होता आणि साखर मात्र रेशनच्या दुकानातून आणायची. मी तेव्हा मराठी पाचवीत होते.

आमचे रान पाटाच्या चारीला लागून होते. ते माझ्या आईच्या वडिलांचे. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी बायडाबाईला, म्हणजे माझ्या आईला, पाथर्डीकडचा नवरा पाहिला आणि जावई घरीच ठेवून घेतला. ते माझे वडील, सहादेव. त्यांना मी बापू म्हणायची. पाथर्डीकडे उन्हाळ्यात झऱ्यात नारळाच्या नरोटीने पाणी खरवडून घागर भरायची. बापू आमच्याकडे आले आणि त्यांनी पहिल्यांदा भरून वाहणारा पाट पाहिला, तेव्हा चप्पल काढून हात जोडले होते, असे आई सांगायची.

आजोबा होते तोवर पाणी बेताने दिले जाई. ते गेल्यावर बापूंनी पाटाच्या पाण्याची एकही पाळी चुकवली नाही. पिकाला हवे असो नसो, पाळी आली की फावडे खांद्यावर टाकून निघायचे. पाणी समोरून जातेय आणि आपण घेत नाही, हे त्यांना अन्नाला लाथ मारल्यासारखे वाटे. पाटाचे पाणी वाटणारा गोरक्षनाथ पाटकरी चारीवरून फिरता फिरता थट्टा करायचा, "सहादेवा, रान हाय का हौद? म्हाताऱ्यानं दोन घरजावई आणले बघ. एक तू आन दुसरं ह्ये पाणी. दोघंबी उठायचं नाव घेत न्हाईत."

बापू हसायचे. आई हसत नसे.

त्या वर्षी आम्हाला भूगोलाला शांतवन मास्तर होते. नगरचे, ख्रिस्ती. पांढरे धोतर, काळा कोट, आणि आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प बसे. निसर्गाची संपत्ती हा धडा होता. मास्तरांनी शाळेच्या सारवलेल्या जमिनीवर रांगोळीने दोन मोठी रिंगणे काढली. एकात वापरली तरी पुन्हा भरून येणारी संपत्ती ठेवायची, दुसऱ्यात एकदा सरली की सरली अशी. "घरून आणा," ते म्हणाले, "आणि आपल्या हाताने जागेवर ठेवा."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाजार भरला. कोणी रुळाकडेला पडलेला इंजिनाचा कोळसा आणला, कोणी चिमणीत तळाला राहिलेले रॉकेल, कोणी कणीस, कोणी नदीची वाळू. मरिया शेळीच घेऊन आली.

"हिला कुठल्या रिंगणात बसवू गं?" मास्तरांनी विचारले.

"बसवू नका मास्तर, ती बसत न्हाई. नुसती रिंगणाजवळ धरू का?"

तेवढ्यात शेळीने कणीस खाल्ले. मास्तर म्हणाले, "बघा, भरून येणारी संपत्तीसुद्धा डोळ्यांदेखत जाते." आम्ही पोट धरून हसलो.

मी आमच्या रानातली माती नेली होती. काळी, ओली, हातात घेतली तर लोण्यासारखी. तांब्यातले पाणी भरून येणाऱ्या रिंगणात होते, त्याच्या शेजारी मी ती दिमाखात ठेवली. मास्तरांनी मान हलवली. धडा आठवडाभर चालायचा होता, म्हणून सगळ्या वस्तू खिडकीच्या फळीवर मांडून ठेवल्या.

माती वाळली तसा तिच्यावर पांढरा थर आला. आधी कडेने, मग सगळीकडे. रतन ओरडली, "मास्तर, विजीनं मातीच्या नावानं मीठ आणलंय!" वर्ग हसला. मला रडू आले.

मास्तर उठून आले. त्यांनी बोट लावून मातीची चव घेतली. मग मला हळूच विचारले, "विजयमाला, तुमच्याकडे पाणी किती देतात?"

"पाळी येईल तितकं," मी अभिमानाने सांगितले. "माझे बापू कधी सोडत नाहीत."

 मास्तरांनी ती माती उचलली आणि दुसऱ्या रिंगणात, कोळशाच्या शेजारी ठेवली.

संध्याकाळी ते घरी आले. ओसरीवर घोंगडी टाकली होती, तरी ते उंबऱ्यापासून लांब, खाली अंगणातच बसले. आईने पितळी तांब्यात पाणी दिले आणि म्हणाली, "वर या की मास्तर, पोरीला शिकवता तुमी." मग ते वर आले.

"सहादेवराव, रानात मीठ फुटतंय," ते म्हणाले. "पाणी खाली मुरतं, साचतं आणि खालचा खार वर घेऊन येतं. दोन-चार पाळ्या सोडा. आणि उताराच्या बाजूने ओढ्यापर्यंत चर खणा, म्हणजे साचलेलं निघून जाईल. अजून वेळ आहे. एकदा जमीन खारावून पुरती चोपण झाली की तुमच्या हयातीत काही ती परत यायची नाही."

"पाण्यानं कुठं रान मरतं का मास्तर?" बापू म्हणाले. "आमच्याकडं पाणी न्हाई म्हणून मानसं मेली. माझी आई पाणी पाणी करत हुती, मी दुसऱ्या गावाला घागर घेऊन गेल्तो. आलो तवर तिचं तोंड उघडंच राहिल्यालं. आन तुमी म्हणता, दारात आल्यालं पाणी नगं म्हणू?"

 उत्तर आईने दिले. "अवो, तुमच्या आईला पाणी मिळालं न्हाई, ते वाईटच झालं. पर माझ्या बापाचं रान पाण्यात बुडवून तिला आता ते मिळनार हाय का? मला एवढंच मागायचंय तुमच्याकडं. ह्ये रान माझ्या हातात राहू द्या."

 बापू म्हणाले, "बरं. तुझं रान हाय. तू म्हनशील तसं."

दोघांनी मिळून चर खणला. बापू खणायचे, आई पाटीने माती उपसायची. मी भाकरी घेऊन जायची. माझ्या आठवणीत ते दोघे एकमेकांशी इतके कधी बोलले नव्हते. चर ओढ्याला पोचला त्या दिवशी त्याच्या तोंडातून पाण्याची बारीक धार पडू लागली. आईने त्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले, तोंड वेडेवाकडे केले आणि हसली. "निघालं गं बाई, खारट निघालं." तिला इतके हसताना मी त्यानंतर पाहिले नाही.

पुढची पाळी आली. बापूंनी शब्द पाळला. पाण्याचा आवाज कानांवर पडू नये म्हणून ते सकाळीच राहुरीच्या बाजाराला निघून गेले. गोरक्षनाथ दारात येऊन विचारून गेला, "बायडाबाई, मालक आजारी हाय का? पानी सोडून गेलाय म्हनं." त्यानंतरची पाळीही बापूंनी तशीच जाऊ दिली. आई आजोबांच्या नावाने दिवा लावायची. मास्तर शाळेत विचारायचे, "धार चालू आहे ना?" मी म्हणायची, "चालू आहे."

मी पाहायला गेले नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडाला रानात पाय पुन्हा रुतू लागला. उसाची पाने पिवळी पडून टोकाला जळाली. आईला काही कळेना. पाळी तर घेतली नव्हती. मग ती चराच्या कडेने ओढ्याकडे चालत गेली, मी तिच्या मागे.

चराचे तोंड बुजवलेले होते. घाईने नाही, नीट. आत दगड लावलेले, वर चिखल थापलेला, हाताने सारखा केलेला. घराची भिंत लिंपावी तसा. बोटांचे ठसे होते त्यावर.

बापू मागून आले होते. लपवायचे त्यांच्या मनातही नव्हते. "पाळी सोडलीच की मी," ते म्हणाले. "तुला शब्द दिल्ता. पर ह्ये वाया चाललं हुतं गं. रात न्हाई, दिस न्हाई, नुसतं वाहून चाललं हुतं. मला बघवंना."

"ते पानी न्हवतं," आई म्हणाली. "ती रानाच्या अंगातली कीड हुती."

"पानीच हुतं की," बापू म्हणाले.

आईने हाताने चिखल उकरला, दगड काढून फेकले. साचलेले पाणी उसळून बाहेर आले. बापू ते जाताना पाहत उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. आई बांधावर बसली आणि मेलेल्या माणसासाठी बायका गळा काढतात तशी रडू लागली. "बाबा, तुमचं रान गेलं ओ," म्हणत होती.

त्यानंतर आई चर उकरायची आणि बापू तो बुजवायचे. भांडण नाही, बोलणे नाही. तिने कधी त्यांचा हात धरला नाही. त्यांनीही आपण बुजवल्याचे कधी नाकारले नाही. मास्तर पुन्हा एकदा घरी आले, बापूंशी बोलले. बापू हो म्हणाले आणि खरेच हो म्हणाले. पण धार वाहताना दिसली की त्यांचे हात आपोआप चिखलाकडे जात. पावसाळा सरला आणि सगळ्या रानावर पांढरे आले. लांबून चांदणे पडल्यासारखे दिसे. पेरलेले उगवले नाही.

एके दुपारी आईने जेवायला वाढले. पानात डावीकडे मीठ ठेवले, तसे बापूंनी बोटाने ते पानाबाहेर सारले. तेव्हापासून त्यांनी मिठाला हात लावला नाही. आई त्यांची भाजी वेगळी काढून ठेवू लागली.

शांतवन मास्तरांची नंतर पुणतांब्याला बदली झाली. ते तिथेच स्थायिक झाले आणि मी मास्तरीण झाले तेव्हा मला भेटायला आले होते. मीही वर्गात रांगोळीची रिंगणे काढायची, फक्त माती दोन्ही रिंगणांच्या मध्ये, रेघेवर ठेवायची. मरियाने नगरच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून जन्म काढला. गोरक्षनाथ चारीवरच म्हातारा झाला. पुढे तो इतर रानांनाही मीठ फुटलेले दाखवायचा, पण थट्टा करत नसे. आमच्या रानात आता वेड्या बाभळी आहेत.

रान गेल्यावर आम्ही पाथर्डीकडे बापूंच्या गावाला राहायला गेलो. पाटाच्या काठी वाढलेली माझी आई तिथे हंड्यांच्या रांगेत उभी राहू लागली. बापू तिच्या आधी उठून रांगेत हंडा ठेवून यायचे. ते तिच्यानंतर काही वर्षांनी गेले, शेवटपर्यंत अळणी जेवून.

आई गेली तेव्हा मी जवळ होते. तिचा घसा कोरडा पडला होता. बापू उशाशी पेला घेऊन बसले होते. आदल्या दिवसापासून ते जागचे हलले नव्हते. त्यांनी तिच्या तोंडात थोडे थोडे पाणी घातले. तिने घेतले. ते आणखी घालू लागले, तसा तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरं आता," ती म्हणाली.

बापूंनी पेला खाली ठेवला.