उताराची कमाई

मी बोलतेय, मागून. रस्त्यावरून गाडी जाताना तुमचं लक्ष पुढेच जातं. गाडीचा रंग कोणता, आत कोण बसलंय, कुठे निघालेत. तिच्या मागे हुकाला अडकून जे चौकोनी धूड चाललेलं असतं, ते मी. मी कॅरॅव्हॅन, चाकांवरची खोली म्हणा. मला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्नसुद्धा नाही, म्हणून मला काही म्हणायचं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण मला ओझं म्हणणारे फार झालेत, आणि मी आहे हट्टी. तेव्हा आज ऐकूनच घ्या.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, वरून पत्रा. एका सुताराने माझ्या कपाटांना अशा कड्या लावल्या की कितीही धक्के बसोत, दार उघडायचं नाही. तो प्रत्येक कपाटाला गुद्दा मारून बघायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. शेवटी एकाने माझ्या पुढच्या दांडीच्या टोकाला, गाडीच्या हुकावर बसते त्या लोखंडी वाटीला, ग्रीस चोपडलं आणि म्हणाला, "जा बाई आता, लाग कुणाच्या तरी मागे."

मी लागले ती उस्तादांच्या मागे. उस्ताद म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. सगळा गाव त्यांना त्याच नावाने हाक मारतो. जन्मभर दुसऱ्यांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी सोडलं, आता बायकोला फिरवायचं, एवढ्यासाठी त्यांनी मला घेतलं. बाईंनी माझ्या खिडक्यांना स्वतः शिवलेले पडदे लावले. माझ्या इवल्याशा बेसिनमध्ये कप विसळताना त्या म्हणायच्या, "घरी भांडी, इथंही भांडीच. खिडकीतलं चित्र तेवढं बदलतं." म्हणायच्या असं, पण निघायच्या दिवशी सगळ्यांत आधी येऊन बसलेल्या असायच्या.

त्या गेल्या, आणि उस्तादांनी मला परसात लावून कुलूप घातलं. मग माझ्यात काय काय येऊन पडलं म्हणून सांगू. कांदे, रंगाचे अर्धे डबे, मोडकी खाट. उस्तादांनी बाईंचे पडदे काढून एका कपाटात कोंबले होते, त्यांच्यावर एका मांजरीने पिल्लं घातली. त्या काळात मला तीच काय ती सोबत होती. माझ्या टायरमधली हवा गेली, छपरावर शेवाळ धरलं. उस्ताद परसात यायचे, नळाला पाणी आलंय का बघायचे आणि माझ्याकडे पाठ करून परत जायचे. त्यांचा राग नाही आला मला. पण वाईट वाटायचं.

मला उठवलं ते त्यांच्या सुनेने. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रावर. सून इस्पितळात कृत्रिम पाय बनवायची. लोक तिला पायवाल्या ताई म्हणतात. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, वरच्या गावांतली माणसं खाली येऊच शकत नाहीत. ज्याला पाय नाही त्यालाच आपण सांगतो, पाय घ्यायला या म्हणून. ती परसातली खोली मला द्याल?"

जेवण झाल्यावर उस्ताद झाडू घेऊन आले आणि माझं कुलूप काढलं.

माझा दवाखाना झाला. पुढच्या भागात माणसाला बसायला बाक, धरून चालायला दोन आडवे दांडे, भिंतीवर आरसा. मागे दाराशी भट्टी. प्लास्टिकचा जाड पत्रा त्या भट्टीत मऊ करायचा आणि माणसाच्या उरलेल्या पायाच्या प्लॅस्टरच्या साच्यावर ताणून बसवायचा, असं ते काम. एक म्हातारी जीप मला ओढायची. जीप धूर ओकायची, चढावर रडायची, पण आम्ही गावोगाव जायचो. शेवटचा मुक्काम घाटमाथ्यावरच्या गावात, गिरणीसमोर. भट्टीला जोराची वीज लागते आणि तशी लाइन तिथे फक्त गिरणीत होती. गिरणीवालीचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. ताईंनी तो बनवून दिल्यापासून ती दिवसभर उभी राहून सगळ्या गावाचं दळण दळायची.

मग जीप गेली. इंजिनच बसलं. ताईंनी मला ओढायला चालेल अशी गाडी शोधली, आणि दारात येऊन उभी राहिली ती इलेक्ट्रिक. ना धूर, ना आवाज. उस्तादांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"घरात एक मिक्सर होता, आता दारातही आला," ते म्हणाले.

"बाबा, चालवून तर बघा."

"चालवीन गं. पण हिला घाटात घेऊन जायचं म्हणजे चमच्याने विहीर उपसायची."

खरं सांगायचं तर मलाही ती आवडली नव्हती. नव्या जावेसारखी तोऱ्यात उभी होती. त्यात एकटी असली की ती लांबवर जायची, आणि मी मागे लागले की तिची धाव निम्म्यावर यायची. शेजारीपाजारी येऊन सांगून जायचे, "ओझं फार होतंय तुमच्या गाडीला." ओझं म्हणजे मी.

अशातच एक कोंबड्या पाळणारा आला. माझ्या भिंतींवर टिचक्या मारून म्हणाला, "खुराडं झकास होईल हिचं." उस्तादांनी माझं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "एक फेरी बाकी आहे. मिक्सरने हिला घाटावर नेऊन सुखरूप खाली आणली तर ठेवतो. नाहीतर घेऊन जा."

ती फेरी कसली होती तेही सांगते. गिरणीवालीचा निरोप आला होता की पाय तडकलाय, गुडघ्याखाली बसते त्या वाटीपासून खालपर्यंत. तिला उभं राहता येत नव्हतं, गिरणी बंद होती. माणसं डोक्यावर धान्य घेऊन घाट उतरत होती आणि पीठ घेऊन चढत होती. ती ताईंना फोनवर म्हणाली, "लोक मला काही बोलत नाहीत. पण दारावरून जाताना मान खाली घालून जातात." ताईंनी फोन ठेवला आणि माझ्या चाकांत हवा भरायला घेतली. मी तेव्हाच ठरवलं. खुराडं तर मी होणारच नाही, पण आधी ती गिरणी चालू झाली पाहिजे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी उस्तादांनी मला हलकं करायला घेतलं. पाण्याची टाकी काढली, फळ्या काढल्या, जादा हत्यारांची जड पेटी घरीच ठेवली. हे सगळं पुढच्या बाजूचं. आणि प्लॅस्टरची पोती नेऊन रचली थेट मागे, भट्टीच्या शेजारी. बसमध्ये जड सामान मागच्या डिकीत जातं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ताईंनाही पुढे मोकळी जागा झाली म्हणून बरंच वाटलं. मागे भार जास्त झाला की मी डुलणार हे मला कळत होतं, पण सांगू कशी?

हमरस्त्याला लागलो, गाडीने वेग धरला आणि माझी शेपूट डुलायला लागली. आधी थोडी, मग जोरात. मी डावीकडे गेले की गाडीचं बूड उजवीकडे ओढलं जायचं. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्नवरचा हात काढला नाही. मी घाबरले होते, कबूल करते. मला वाटलं, आता मीच या दोघांचा जीव घेणार.

"बाबा, ब्रेक—"

"ब्रेक नाही. गप्प बस." उस्तादांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. वेग उतरला तशी मी शांत होत गेले. कडेला थांबल्यावर ते खाली उतरले, माझं दार उघडलं आणि आत नुसते बघत राहिले.

"मी बसच भरली गं," ते म्हणाले. "ही बस नाही."

मग रस्त्याच्या कडेलाच दोघांनी सगळं पुन्हा लावलं. भट्टी ढकलत माझ्या चाकांच्या बरोबर वर आणली, पोती तिच्या किंचित पुढे. माझी दांडी हुकावर नीट टेकली. गाडीला तेव्हा पहिल्यांदा माझा खरा भार कळला आणि मला तिचा आधार. त्यानंतर आमचं जावाजावांचं भांडण मिटलं.

घाटाच्या पायथ्याशी चार्जिंग स्टेशन होतं, पण जागा गाडीपुरतीच. म्हणून मला सोडवून, चाकांखाली दगड लावून एका कोपऱ्यात उभं केलं. स्टेशनवाली बाई कानाला मोबाइल लावून माझ्याभोवती फिरली. "एवढं ओझं घेऊन वर कुठे निघालात? वर चार्जिंग नाही बरं का."

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले.

घाट लागला. जीप या चढावर रडायची, मला मागे मागे घसरू द्यायची. ही मात्र आवाजच करेना. इतकी वर्षं त्या घाटातून गेले, पण तिथे झरा आहे हे मला त्या दिवशी कळलं. अवघड वळणावर समोरून टेम्पो आला. ऐन चढात थांबावं लागलं. जीपच्या काळात इथे ताई दगड घेऊन खाली उडी मारायच्या. या वेळी गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि निघाली तीही झटका न देता. ताई मात्र गाडीच्या पडद्यावरचा चार्जिंगचा आकडा बघत होत्या, तो भराभर उतरत होता.

"बाबा, अजून कमी झाला."

"आकडा वाचू नकोस, रस्ता बघ." थोडं पुढे गेल्यावर ते हळूच म्हणाले, "मिक्सरला दम आहे पण."

आम्ही गिरणीसमोर पोचलो तेव्हा गाडीत फार थोडं चार्जिंग उरलं होतं. गिरणीवाली दारात स्टुलावर बसली होती, तडकलेला पाय शेजारी. ती हसली नाही, रडली नाही. "भट्टीची वायर तिथेच आहे," एवढंच म्हणाली.

ताईंनी साचा घेतला, तो वाळू दिला, दुसऱ्या दिवशी पत्रा तापवला. मोकळ्या वेळात गाडी गिरणीच्या लाइनवर लावली, पण मध्येच वीज गेली आणि परत आली ती अशी मंद की फार काही भरलं नाही. तिसऱ्या सकाळी गिरणीवाली माझ्यातल्या दांड्यांना धरून उभी राहिली. दोनदा फेऱ्या मारल्या, मग दांडे सोडले. माझ्या लाकडावरून आजवर खूप माणसं चाललीत, पण त्या पावलांचा आवाज मी विसरणार नाही. ती सरळ माझ्या पायऱ्या उतरून गिरणीत गेली.

वीज सावरली होती. बातमी गावात कधीच पोचली होती. गिरणीपुढे डब्यांची, पोत्यांची रांग लागली. आणि पेच पडला. लाइन एकच. गाडी भरायची तर गिरणी बंद, गिरणी चालवायची तर गाडी नाही. खालच्या गावात ताईंनी संध्याकाळी माणसं बोलावली होती, तीही पायांसाठीच.

गिरणीवाली म्हणाली, "तुम्ही भरून घ्या. इतके दिवस थांबलेत लोक, आणखी थोडे थांबतील."

ताईंनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद रांगेकडे बघत होते. मग माझ्याजवळ आले, माझ्या दांडीवर हात ठेवला.

"गिरणी चालू कर," ते म्हणाले.

"बाबा, एवढ्यावर आपण स्टेशनपर्यंत नाही पोचणार."

"सपाटीवर नाही पोचणार. पण इथून खालपर्यंत उतार आहे. पायाने ब्रेक न दाबता ही गाडी उतारावर स्वतःच वेग आवरते, आणि त्यातून होणारी वीज तिच्यातच भरते, हे तूच सांगितलंस ना मला? मग मागून ढकलायला आपल्याकडे एवढी मोठी बाई आहे की."

एवढी मोठी बाई म्हणजे मी. आजवर माझ्या वजनाबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता.

मागे गिरणीची घरघर सुरू झाली आणि आम्ही निघालो. माथा ओलांडला तसा मी माझा सगळा भार गाडीच्या पाठीशी लावला. एक रेष इकडची तिकडे होऊ दिली नाही. प्रत्येक वळणाला जीव एकवटून सरळ राहिले. उस्ताद वेग जेमतेम ठेवून चालवत होते. ताईंची नजर आकड्यावर होती. अर्ध्या घाटात म्हणाल्या, "बाबा, वाढतोय."

"वाच मग आता. मोठ्याने वाच."

त्या वाचत राहिल्या, पायथ्यापर्यंत.

स्टेशनवाल्या बाईने गाडीच्या पडद्यावरचा आकडा डोकावून पाहिला. "वर चार्जिंग झालं म्हणजे?"

"नाही," उस्ताद म्हणाले. त्यांनी माझ्या पत्र्यावर थाप मारली. "हिने भरलं."

कोंबडीवाला पुन्हा आला होता. उस्ताद तेव्हा माझ्या छपरावर चढून भेगा बुजवत होते. वरूनच म्हणाले, "तुम्ही दुसरं खुराडं बघा." बाईंचे पडदे त्यांनी कपाटातून काढून धुतले आणि माझ्या खिडक्यांना परत लावले.

आता मी परसात असते, पण हुकाला जोडलेली. भट्टी चाकांवर, पोती तिच्या पुढे. उद्या सकाळी निघायचंय. तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्याही मागे एखादं ओझं असेल आणि चढावर त्याने जीव नकोसा केला असेल. रागाच्या भरात त्याला सोडून देऊ नका. माथा येईपर्यंत तरी नाही.