लाल रुमालाची सुटलेली गाठ

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे, पण खिशात मावणारा नव्हे. सरकारी कचेरीत जमिनीचे कागद ज्या मोठ्या लाल फडक्यात बांधून ठेवतात, त्यालाही रुमाल म्हणतात. तो मी. माझं बरंचसं आयुष्य भीतीत गेलं, म्हणून भीतीचीच गोष्ट सांगतो.

कराडच्या एका विणकरानं मला जाड सुतात विणलं. तिथून मी कोरड्या पूर्व भागातल्या एका तालुक्याच्या कचेरीत आलो. तेव्हा सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. दप्तरखान्यात नाथाजी नावाचे कारकून होते. कोणाची जमीन कधी कोणाच्या नावावर गेली, त्या नोंदींना फेरफार म्हणतात. एका गावचे सगळे फेरफार नाथाजींनी माझ्यात ठेवले आणि चारी टोकांची घट्ट गाठ मारली. दर उन्हाळ्यात ते मला अंगणात झटकायचे, कडुनिंबाचा पाला घालायचे. एकदा तपासणीला आलेले साहेब मला बोट लावून म्हणाले, "धूळ नाही हो!" नाथाजी दिवसभर हसत होते.

पुढे ते पेन्शनीत गेले आणि मला कोणी हात लावेना. बहात्तरच्या दुष्काळात कचेरीत माणसांची रीघ लागली, पण दप्तरखान्याचं दार उघडायला कोणाला सवड नव्हती. मग छप्पर गळलं. माझी गाठ भिजून फुगली. एक दिवस फळीखालून बारीक कुरकुर ऐकू आली. वाळवी! मित्रांनो, फडक्याला पळता येत नाही. शेजारचा रुमाल आतून पोकळ होत होता आणि मी नुसता ऐकत होतो. मग ती माझ्याही कोपऱ्यात शिरली.

चौऱ्याहत्तर साली अर्जुना येऊ लागला. मेंढरं राखणारा, चाळिशी ओलांडलेला, खांद्यावर घोंगडं. त्याची बायको हरणाबाई मिरजेच्या दवाखान्यात वारली होती. त्यांच्यात माणूस पुरतात. ओढ्याकाठच्या रानात त्यानं तिला पुरलं. ते रान तिच्या बापानं तिला चोळी-बांगडीसाठी दिलेलं. पण गावच्या नव्या उताऱ्यावर तिच्या चुलतभावाचं, दादासोचं, एकट्याचं नाव लागलं होतं. दादासोनं बजावलं होतं, "कागद दाव, न्हाईतर पेरणीच्या आधी मी तिथनं नांगर घालणार." तलाठी म्हणाले, जुना फेरफार असला तर तालुक्याला असेल.

अर्जुनाला कचेरीची फार धास्ती. पायताण पायरीखाली काढून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहायचा. नवे कारकून लालासाहेब नावांची यादी उघडायचे.

"बायकोचं नाव?"

अर्जुना घोंगडं सावरायचा. तिचं नाव त्यानं कधी तोंडानं घेतलंच नव्हतं. 'आगं' म्हटलं की ती वळायची.

"सांग की गड्या! का त्येबी मीच ठिवू?"

"हरणाबाई अर्जुना," तो जमिनीकडं बघत म्हणायचा.

लालासाहेबांचं बोट यादीवरून खाली जायचं. "न्हाई रं बाबा."

यादीत नाव नसलं तर रुमाल सोडायचा नाही, असा तिथला रिवाज. आणि खरं सांगू? हरणाबाई नावाची कोणी मलाही ठाऊक नव्हती.

पावसाळा तोंडावर आला. तपासणी येणार म्हणून वाळवी लागलेले रुमाल जाळायचं ठरलं. आम्हांला मागच्या अंगणात फेकलं आणि ढिगाच्या पलीकडच्या टोकाला काडी लावली. शेजारचा रुमाल आधी काळा पडला, मग जिवंत असल्यासारखा हलला. माझा धागा न् धागा आखडला.

त्या दिवशी अर्जुनाबरोबर बयाबाई आली होती, हरणाबाईची मावशी. जिभेची तिखट. धूर बघून ती थेट लालासाहेबांच्या अंगावर गेली.

"आवं सायेब, आमच्या बनीचा कागद दिला न्हाई तुमी, आन् समदं जाळताय व्हय?"

"आता ही बनी कोण, म्हातारे?"

"ह्येंची बायकू की! हरणाबाई नाव सासरी ठिवलं, लग्नात. जमीन दिली तवा परकरातली पोर हुती ती. बनाबाई!"

अर्जुना तिच्याकडं बघतच राहिला. "मावशी, मला वाटलं तुमी लाडानं बनी म्हणताय."

"लाडानं? बारशाचं नाव हाय त्ये, जावयबापू! तुमी कवा इचारलं व्हतं का तिला?"

लालासाहेब आत पळाले. यादीत निघालं: बनाबाई सयाजी, अज्ञान, पालनकर्ता बाप. लहान मुलांना कागदात अज्ञान लिहितात. पुढं माझा नंबर.

"आरं, त्यो रुमाल तर ढिगात हाय!"

अर्जुना घोंगडं आपटत धुरात शिरला. माझ्या एका टोकाला धग लागली होती. त्यानं मला ओढून बाहेर काढलं, पण फुगलेली गाठ सुटेना. लालासाहेब कोयता घेऊन आले.

"कापू नगा सायेब, आत ती हाय."

मेंढराच्या पायातली ओली दोरी सोडवावी तशी त्यानं ती गाठ दातांनी सोडवली.

पान निघालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण नाव शाबूत. अर्जुनाला वाचता येत नव्हतं.

"कुटं हाय ती?"

लालासाहेबांनी त्याचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं. मग ते स्वतःच पाण्याची घागर घेऊन ढिगाकडं धावले. बाकी किती नावं तोवर राख झाली होती, ते कोणालाच कळलं नाही.

अर्जुनाला नक्कल मिळाली आणि दादासोचा नांगर ओढ्याच्या अलीकडंच थांबला. माझ्यातले कागद नव्या रुमालात गेले. मला अर्जुनानं मागून घेतलं. ती नक्कल पोटाशी धरून मी आता त्याच्या घरात आढ्याला टांगलेला आहे. कुठं कुरकुर झाली की अजून दचकतो. अर्जुनाही दचकतो आणि उठून मला चाचपतो.

मित्रांनो, घरातले जुने कागद झटका, त्यांना ऊन दाखवा. आणि आज आईला, आजीला विचारा, माहेरी तिला काय नावानं हाक मारायचे. ती आहे तोवर विचारा.

अर्जुना रोज संध्याकाळी मेंढरं कोंडून ओढ्याकाठी जातो आणि "बनाबाई" अशी हाक मारतो. ती वळत नाही.